त्याच नावाचा दुसरा माणूस

३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेच्या नव्या संघराज्याने आपले पहिले पेटंट दिले. लाकडाच्या राखेतून पोटॅश आणि पर्लअ‍ॅश काढण्याची सुधारलेली रीत आणि तिच्यासाठीचे साधन, हा त्याचा विषय. राख थेट पाण्यात न कालवता आधी भट्टीत पुन्हा जाळायची, म्हणजे तिच्यातला क्षार जास्त निघतो, अशी त्यामागची कल्पना होती. साबण, काच, लोकरीची धुलाई, बंदुकीची दारू या सगळ्यांना त्या काळी हा क्षार लागे, आणि जंगल तोडून शेत करणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून रोख पैसा येई. पेटंटवर सह्या आहेत अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या. ते मिळवणाऱ्याचे नाव सॅम्युएल हॉपकिन्स.

हा हॉपकिन्स कोण? विसाव्या शतकात बराच काळ या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले होते: व्हरमाँटमधल्या पिट्सफर्ड गावचा. त्या गावात त्या नावाचा माणूस खरोखरच राहून गेला होता. व्हरमाँट जंगलांचा मुलूख, पोटॅश हा तिथला ओळखीचा धंदा. नाव जुळले, काळ जुळला, धंदाही जुळला. राज्याने गावात ऐतिहासिक पाटी उभारली. एका लेखातून दुसऱ्या लेखात, एका संदर्भग्रंथातून दुसऱ्यात हे उत्तर जात राहिले, आणि जितक्या ठिकाणी ते छापले गेले तितके ते पक्के वाटू लागले.

१९९८ साली फिलाडेल्फियाचे वकील आणि इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड मॅक्सी यांनी दाखवून दिले की पेटंट मिळवणारा हॉपकिन्स व्हरमाँटचा नव्हता. तो फिलाडेल्फियाचा, क्वेकर पंथाचा गृहस्थ होता. त्याच्या शोधाला व्यवहारात यश आले नाही. मॅक्सींनी आपल्या एका लेखाच्या शीर्षकातच अपयश हा शब्द घातला आहे. या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पेटंटच्या मूळ कागदावर, हॉपकिन्सच्या नावाला लागूनच, फिलाडेल्फिया शहर आणि पेनसिल्व्हेनिया राज्य असे स्वच्छ लिहिलेले आहे. व्हरमाँट तर संघराज्यात आले तेच मुळी ४ मार्च १७९१ रोजी. उत्तर पहिल्या दिवसापासून कागदावर होते. लोकांनी नाव वाचले आणि गाव वाचायचे सोडून दिले.

एक गोष्ट त्या लोकांच्या बाजूनेही सांगायला हवी. १५ डिसेंबर १८३६ च्या आगीत वॉशिंग्टनमधले पेटंट कार्यालयाचे दप्तर जळाले. तोपर्यंत दिलेली सुमारे १०,००० पेटंटे त्यात गेली; शोधकांच्या घरच्या प्रतींवरून पुढे सुमारे २,८०० पुन्हा उभी करता आली. त्यांना ‘एक्स’ मालिकेतले क्रमांक मिळाले, आणि हॉपकिन्सचे पेटंट त्या मालिकेत पहिले आहे. दप्तरच नाहीसे झाले की मागे उरतात याद्या. यादीत माणसाचे नाव उरते आणि बाकीचा माणूस गळून पडतो.

एकाच नावाच्या माणसांच्या व्यावसायिक नोंदी आणि पेटंटे कशी वाचावीत, हा या पुस्तकाचा विषय आहे. ग्रंथपाल, संशोधक, पत्रकार, पेटंटच्या कामातले लोक, नेमणुकीआधी उमेदवाराची माहिती तपासणारे, घराण्याचा किंवा गावाचा इतिहास लिहिणारे, या सगळ्यांना रोज लागणारी ही गोष्ट आहे; पण मराठीत तिच्याबद्दल सलग लिहिलेले फारसे सापडत नाही. विषय रूक्ष वाटेल. मला तो तसा वाटत नाही. कुणाच्या श्रमाचे श्रेय कुणाला जाते आणि कुणाचा दोष कुणाच्या माथी बसतो, हे यावरच ठरते.

आपल्याकडचे एक उदाहरण घेतो. एस. चंद्रशेखर या नावाने भौतिकशास्त्रातले लेखन शोधू लागलात तर दोन मोठी माणसे एकाच रांगेत उभी राहतात. एक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर (१९१०–१९९५): श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाची मर्यादा सांगणारे, १९८३ च्या नोबेलचे मानकरी. दुसरे शिवरामकृष्ण चंद्रशेखर (१९३०–२००४): बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत द्रव-स्फटिकांवर काम करणारे; चकतीसारख्या रेणूंचेही द्रव-स्फटिक बनतात, हे १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दोघेही भौतिकशास्त्रज्ञ, दोघेही लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो. आणि दोघेही सी. व्ही. रामन यांच्या घरचे: एक पुतणे, दुसरे भाचे. ज्या खुणांवर आपण एरवी भरवसा ठेवतो, म्हणजे विषय, देश, मानसन्मान, अगदी घराणेसुद्धा, त्या सगळ्या इथे दोघांना लागू पडतात. शिवाय लोकसंख्येचे अभ्यासक श्रीपती चंद्रशेखर हे तिसरे. १९६७ साली ते केंद्रात आरोग्य आणि कुटुंबनियोजन खात्याचे मंत्री झाले. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचेही रूप तेच, एस. चंद्रशेखर.

पहिल्या दोघांच्या नावातला ‘एस’ त्यांचा स्वतःचा नाही, वडिलांच्या नावाचा आहे. दक्षिणेतल्या त्या रिवाजात हे अक्षर माणूस ओळखू यावा म्हणूनच नावाआधी लागते: अमक्याचा मुलगा चंद्रशेखर. घरात, गावात, अग्रहारात ते पुरते, कारण ऐकणाऱ्याला ते अक्षर कुणाचे हे ठाऊक असते. नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत ते ठाऊक असलेला माणूस नसतो, फक्त अक्षर असते. माणसाला वेगळा करण्यासाठी लावलेली खूण तिथे दोघांना एकत्र बांधते.

मराठी नावांचे याहून वेगळे होत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली तीन पदरी पद्धत ओळखीच्या दृष्टीने खरोखर चांगली आहे. एकाच गल्लीत चार संजय जोशी असले तरी चौघांच्या वडिलांची नावे सारखी असण्याचा संभव फार कमी. शाळेचा दाखला, सातबारा, मतदारयादी या सगळ्या कागदांवर हे तिन्ही पदर टिकतात. माणूस परदेशी नियतकालिकात लिहू लागला किंवा परदेशात पेटंटसाठी अर्ज करू लागला, की मधला पदर एका अक्षरापुरता उरतो, पुष्कळदा तेवढाही नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत २००२ पूर्वीच्या नोंदींत लेखकांची फक्त आद्याक्षरे आणि आडनाव आहे. त्या काळातला एखादा ‘पाटील एस’ किंवा ‘कुलकर्णी ए’ कोण, हे नुसत्या सूचीवरून सांगणे अशक्य असते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे २०२४ मध्ये बंधनकारक केले. त्यामागचा विचार आईच्या सन्मानाचा आहे आणि तो योग्यच आहे. नोंदींच्या अभ्यासकाला त्यातून चौथा पदर मिळाला, हा आणखी एक लाभ.

नावे सारखी असण्याची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की माणूस एक आणि नावे अनेक. या बाबतीत सगळ्यांत जास्त नुकसान बायकांचे झाले आहे. कमला भागवत १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत दाखल झाल्या, पुढे केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर रॉबिन हिल यांच्यासोबतचे त्यांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आले, आणि त्याच साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यावर नाव भागवत. १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांकडून जे काम करवून घेतले, त्यावर नाव सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीचे नाव आज मराठी वाचकाला कमला सोहोनी म्हणून माहीत आहे. पण केंब्रिजच्या त्या टिपणाशी हे नाव जोडायला सूचीत दुवा नाही. तो कुणीतरी चरित्र वाचून जोडावा लागतो. त्यांचे चरित्र लिहिले गेले, म्हणून तो जोडला गेला. ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत अशा कितीजणींचे अर्धे काम अजून परक्या वाटणाऱ्या आडनावाखाली पडून असेल, याचा विचार करून मला अस्वस्थ वाटते. राजपत्रात नावबदलाची जाहिरात देणे, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करणे हे सोपस्कार बँक आणि पासपोर्टपुरते चालतात. विज्ञानाच्या सूचीला राजपत्र वाचता येत नाही.

रोमन लिपीतली वर्णलेखने हा यातलाच आणखी एक गुंता. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे मुंबईत जन्मलेले मराठी शोधक, टाइप ओतण्याच्या ‘भिसोटाइप’ यंत्राचे जनक, ज्यांना दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले. परदेशी कागदांत त्यांचे आडनाव कधी शेवटी ‘ई’वर थांबते, कधी ‘वाय’ जोडून येते. एका वर्णलेखनाने शोध घेतला तर दुसऱ्याखालची नोंद सुटते. भिशांची लंडनमधली पेटंटे शोधणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी: १९१५ पर्यंत ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. साल न लिहिता नुसता क्रमांक टिपून ठेवला तर तो वेगळ्याच माणसाच्या वेगळ्याच यंत्राकडे घेऊन जातो.

उच्चारावरून नावे गोळा करण्याची जी युक्ती पुढे जगभर पसरली, ती स्वतःच पेटंट घेतलेली आहे. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये ते मिळाले, क्रमांक १२,६१,१६७. कल्पना अशी: आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे, बहुतेक स्वर गाळायचे, आणि जवळच्या उच्चारांच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. तिचेच सुधारलेले रूप साउंडेक्स या नावाने अमेरिकी जनगणनेच्या सूचींसाठी वापरले गेले. त्या नियमांनी भिसे आणि त्यांचे ‘वाय’वाले रूप दोन्ही बी-२०० या एकाच खणात येतात. शिंदे आणि ग्वाल्हेरच्या घराण्याचे इंग्रजी वळणाचे सिंदिया, हेही एस-५३० मध्ये एकत्र येतात. इथवर युक्ती आपले काम चोख करते. पण बी-२०० मध्ये बोस आणि बसू हेही असतात, आणि एस-५३० मध्ये स्मिथ. म्हणजे एका माणसाची विखुरलेली रूपे गोळा करायला पसरलेल्या जाळ्यात परकी माणसेही येतात, आणि जाळे आवळले तर आपलीच रूपे निसटतात. यंत्रे बदलली तरी हा पेच बदललेला नाही.

म्हणून कागद वाचता आला पाहिजे. पेटंटच्या पहिल्या पानावर प्रत्येक तपशिलाआधी कंसात दोन आकडी खूण असते. ही खूण जगभर सारखी, त्यामुळे जपानी किंवा रशियन पेटंटही भाषा न येता थोडेफार वाचता येते. ५४ म्हणजे शोधाचे शीर्षक, ७२ म्हणजे शोधक, ७१ अर्जदार, ७३ हक्कधारक, २२ म्हणजे अर्जाची तारीख. नवखा माणूस ७२ वर जातो, नाव पाहतो आणि थांबतो. मुरलेला माणूस नावाला लागून छापलेले गाव आधी पाहतो. हॉपकिन्सच्या कागदापासून आजवर ही सवय सर्वांत जास्त उपयोगी पडत आली आहे. मग तो ७३ पाहतो: हक्क कुणाकडे आहे, कंपनीकडे की विद्यापीठाकडे. मग सोबतचे शोधक. माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, पण दोन-तीन सहकाऱ्यांची जोडी पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते. दोन पेटंटांत तीच अपरिचित नावांची त्रयी दिसली तर चौथे नावही त्याच माणसाचे असण्याचा संभव मोठा. मग वर्गीकरण. मग तो शोध आणखी कुठल्या देशांत नोंदवला गेला, म्हणजे पेटंटाचे कुटुंब: एका देशातल्या कागदावर आद्याक्षर असते तिथे दुसऱ्या देशातल्या भावंडावर पूर्ण नाव आणि पत्ता सापडतो. भारतातल्या अर्जात शोधकाचे राष्ट्रीयत्व आणि पत्ताही द्यावा लागतो, त्याचा इथे उपयोग होतो.

यातला कुठलाही एक धागा एकट्याने पुरत नाही. हक्कधारक कंपनी एकच आहे म्हणून माणूस एकच, हे गृहीत धरणे फार धोक्याचे. दक्षिण कोरियात किम, ली आणि पार्क या तीन आडनावांत देशाची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या सामावते. तिथल्या मोठ्या कंपनीच्या एकाच प्रयोगशाळेत एकाच नावाचे दोन अभियंते असणे ही रोजची गोष्ट आहे. चिनी नावांचेही तेच. रोमन लिपीत आणताना स्वरभेद गळतात आणि पूर्णपणे वेगळी नावे एकरूप होतात. ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकांनी २००७ च्या अखेरीस चिनी, जपानी आणि कोरियन लेखकांना रोमन नावासोबत मूळ लिपीतले नाव छापण्याची मुभा दिली, ती यामुळेच. देवनागरीलाही अशी जागा मिळाली तर आपल्या नावांतले ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ यांचे भेद सूचीत टिकतील. ही मागणी मराठी संशोधकांनी केली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने शोधकांना कधी कायमचा क्रमांक दिला नाही. १९७६ नंतरच्या लाखो पेटंटांवरचा कोणता शोधक कोण, हे ठरवायला २०१५ मध्ये त्यांनी संशोधकांच्या गटांत स्पर्धा लावली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमर्स्ट शाखेतल्या गटाची पद्धत निवडली गेली. संगणक इथे नाव, सहकारी, हक्कधारक, गाव, विषय यांची सांगड घालून संभव मोजतो. म्हणजे मुरलेल्या माणसाचेच काम तो अफाट वेगाने करतो, आणि अर्थातच अफाट वेगाने चुकतोही. त्यातून निघालेला शोधक-क्रमांक हा अंदाज असतो, दाखला नव्हे. हा फरक विसरून त्यावर लेख लिहिले जातात, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

चुका दोन प्रकारच्या. एका माणसाच्या दोन नोंदी वेगळ्या राहणे, आणि दोन माणसांच्या नोंदी एक होणे. आकडेवारीच्या भाषेत दोन्ही चुका सारख्याच मोजल्या जातात. माझ्या मते त्या सारख्या नाहीत. वेगळ्या राहिलेल्या नोंदी उद्या कुणीतरी जोडू शकतो. पुरावा जिथल्या तिथे असतो. एक झालेल्या नोंदी मात्र स्वतःचेच समर्थन करू लागतात. फिलाडेल्फियाच्या हॉपकिन्सचे पेटंट आणि व्हरमाँटच्या हॉपकिन्सचा मुलूख एकत्र आले की जो माणूस तयार होतो, तो दोघांपेक्षाही अधिक पटणारा असतो. त्याच्याबद्दल जास्त माहिती असते, ती एकमेकीला धरून असते, आणि वाचणाऱ्याला वाटते की इतके सगळे जुळते आहे तर बरोबरच असणार. म्हणून या पुस्तकात सर्वत्र एकच दंडक पाळला आहे: नावाबाहेरचे निदान दोन स्वतंत्र धागे जुळेपर्यंत नोंदी वेगळ्या ठेवायच्या. मग माणसे दुप्पट दिसली तरी चालतील.

पेटंटात चूक झाली तर श्रेय चुकते. इतर व्यावसायिक नोंदींत चूक झाली तर जिवंत माणसाचे आयुष्य अडते. २०११ साली कॅलिफोर्नियात एक माणूस मोटार घ्यायला गेला, तेव्हा ट्रान्सयुनियन या कंपनीने दिलेल्या पत-अहवालात त्याचे नाव सरकारने व्यवहार बंद केलेल्या लोकांच्या यादीशी जुळत असल्याचा शेरा होता. विक्रेत्याने त्याला गाडी विकायला नकार दिला. कंपनीने केवळ नाव आणि आडनाव ताडून पाहिले होते. जन्मतारीख ताडलेली नव्हती. याच तऱ्हेचा शेरा लागलेल्या ८,१८५ जणांचा तो दावा पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ज्या १,८५३ जणांचे अहवाल प्रत्यक्ष तिसऱ्या पक्षाकडे गेले, त्यांनाच दाद मागता येईल. उरलेल्यांच्या फायलीत तो शेरा होता, पण तो बाहेर गेल्याचे सिद्ध झाले नाही. मला हा निकाल अपुरा वाटतो. चुकीची नोंद तयार होते तेव्हाच अन्याय झालेला असतो. ती कुणी उघडून पाहण्याची वाट पाहायला नको.

कधी हे साम्य मुद्दाम वापरले जाते. थॉमस एडिसनच्या त्याच नावाच्या मुलाचे नाव लावून विजेच्या उपचाराची संशयास्पद उपकरणे विकली गेली, तेव्हा बापाला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच नाव-आडनावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली होती. त्या अपक्षाचा हेतू काय होता ते बाजूला ठेवू. पुढच्या वर्षापासून निवडणूक आयोगाने मतयंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचे छायाचित्र लावायला सुरुवात केली. नावाबाहेरची एक खूण, एवढाच तो उपाय, आणि तो बरोबर आहे.

व्यवसायांच्या नोंदींत ही खूण बहुधा क्रमांकाच्या रूपाने येते. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, वकिलाची सनद, सनदी लेखापालाचा सभासद क्रमांक, कंपनीच्या संचालकाचा आठ आकडी क्रमांक. संचालकाचा क्रमांक यांत सर्वांत भरवशाचा, कारण कायद्याने एका माणसाला तो एकच असतो आणि कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. डॉक्टरांचे तसे नाही: नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, आणि एका परिषदेतला क्रमांक दुसऱ्या परिषदेत दुसऱ्या डॉक्टरचा असू शकतो. क्रमांकासोबत परिषदेचे नाव आणि नोंदणीचे साल टिपले नाही तर क्रमांकही नावासारखाच फसवतो. संशोधकांसाठी ऑक्टोबर २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे. लग्नानंतर आडनाव बदलले, वर्णलेखन बदलले, देश बदलला तरी तो तोच राहतो, म्हणून तरुण संशोधकांनी, विशेषतः तरुणींनी, पहिला लेख पाठवण्याआधी तो घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याची मर्यादा उघड आहे: तो ज्याने त्याने स्वतः घ्यायचा असतो. कमला भागवतांना तो मिळणार नाही. गेलेल्यांसाठी ग्रंथालयांची जुनी रीतच कामी येते, नावापुढे जन्म-मृत्यूची साले लिहिण्याची. १९१०–१९९५ आणि १९३०–२००४ असे लिहिताच दोन्ही चंद्रशेखर वेगळे होतात.

सार्वजनिक नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात. त्यांच्या खुलेपणामुळेच मॅक्सींना हॉपकिन्सचे खरे गाव दाखवता आले. पण खुल्या नोंदींतून नावाच्या धाग्यावर एखाद्या साध्या माणसाचा सगळा जीवनपट विणणे, त्यात कुठल्यातरी दाव्याची, कुठल्यातरी कंपनीच्या दिवाळखोरीची नोंद अडकवणे आणि तो पट नोकरी देणाऱ्यापुढे ठेवणे, हे काम आज काही मिनिटांत होते. ते करणाऱ्यांना बहुधा माहीतही नसते की आपण दोन माणसे शिवून एक केली. म्हणून पुढच्या प्रकरणांत उदाहरणे फक्त सार्वजनिक जीवनातल्या किंवा इतिहासात गेलेल्या माणसांची घेतली आहेत. हयात, खासगी माणसांच्या नोंदी सरावासाठीसुद्धा वापरलेल्या नाहीत.

पुस्तकातली मांडणी कागदाच्या प्रकारानुसार आहे: आधी पेटंटे, मग लेखसूची, मग व्यावसायिक परिषदांच्या याद्या, शेवटी कंपन्यांचे आणि न्यायालयांचे दप्तर. पेटंटांचा भाग सर्वांत लांब आहे, कारण तिथे कागदावर जास्त धागे छापलेले असतात आणि सराव तिथेच चांगला होतो. प्रत्येक व्यक्तीचे नाव पहिल्यांदा येते तिथे मूळ कागदावरच्या रूपात दिले आहे. मराठीत रूढ असलेले रूप त्याच्या शेजारी आहे. जिथे दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत याचा निवाडा झाला नाही, तिथे त्या दोन वेगळ्या क्रमांकांखाली ठेवल्या आहेत आणि जुळणारे व न जुळणारे धागे दोन्ही रकान्यांत लिहिले आहेत. ज्या वाचकापाशी तिसरा धागा असेल, एखादे जुने पत्र, पदवीचा कागद, घरात राहिलेली पेटंटची प्रत, त्याने तो या रकान्यांशी ताडून पाहावा.